फक्त फ्रॉक लाल

२३ एप्रिल, गुरुवार. जुन्या हार्ड डिस्क रिकाम्या करायचं काम काढलं. भोसरीत गुरुवारी कंपन्यांना सुट्टी आणि बऱ्याचदा विजेलाही. दुरुस्तीसाठी म्हणून सकाळी जाते ती दुपार उलटल्यावर येते. त्यामुळे आमच्या स्टुडिओत पुसापुशी, वायरी गुंडाळणं, खोके चाळणं ही कामं गुरुवारची. लग्नसराई सुरू झालेली, मे महिन्याच्या तारखा भरलेल्या आणि डिस्कवर जागा नाही. फोटो नवरा काढतो. पुढचं सगळं माझं: निवडणं, सुधारणं, अल्बमची पानं लावणं. पंचवीस वर्षं हेच चाललंय.

आदल्या दिवशी एक मुलगी येऊन गेली होती. पुढच्या महिन्यात लग्न. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "काकू, असं पाहिजे. सगळं ब्लॅक अँड व्हाइट आणि फक्त शालू लाल. तुम्हाला येतं ना?"

"तू शाळेत होतीस तेव्हापासून येतं," मी म्हटलं.

"मग एखादं सँपल दाखवा ना."

म्हणजे एकाच कामात दोन कामं. डिस्क झटकायची आणि त्यातून तिच्यासाठी नमुना काढायचा. हा प्रकार मध्ये अगदी बंद पडला होता, आता पुन्हा कुणीतरी रीलवर पाहिला असणार. आमच्याकडे फॅशन पावसासारखी येत नाही, पाहुण्यासारखी येते. गेला म्हणून चादरी धुवून ठेवाव्यात, तर दारात हजर.

हे काम दिसतं जादूसारखं, असतं खोडण्याचं. एकाच फोटोच्या दोन प्रती एकावर एक ठेवायच्या. खालची रंगीत, वरची काळी-पांढरी. मग वरच्या प्रतीत जिथं शालू आहे तेवढीच जागा ब्रशने खोडत जायची, की खालचा लाल दिसू लागतो. गिऱ्हाईकाला वाटतं आम्ही रंग भरला. रंग पहिल्यापासून तिथंच असतो, आम्ही फक्त बाकीच्यांचा झाकतो. कडा सांभाळायला लागतात. ब्रश जरा बाहेर गेला तर नवरीचा अर्धा दंड कातडीच्या रंगाचा आणि अर्धा राखाडी दिसतो. आत राहिला तर शालूला राखेची किनार येते.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात प्रत्येकाला हेच हवं होतं. तो सगळा उन्हाळा माझ्या लक्षात आहे तो डोळ्यांच्या जळजळीने. कूलरचं पाणी दर दोन तासांनी संपायचं. वाळ्याच्या ताट्या गरम होऊन कुबट वास मारायच्या. समोर स्क्रीनवर एकामागून एक लाल वस्तू. शालू, फेटे, कुंकवाचे करंडे, एका पठ्ठ्याची नवी कोरी मोटरसायकल. "भाऊ, नवरी राहू द्या काळी-पांढरी, गाडी रंगीत करा," असं तो माझ्या नवऱ्याला म्हणाला होता आणि नवरी शेजारीच उभी होती. एक करवली तर फार भांडली. "ताई, माझी पैठणी काय तुम्हाला फुकट मिळालेली दिसली? मला कशापायी राखाडी केलं?" मी तिला रंग दिला. मग तिच्या जावेनेही मागितला. शेवटी त्या पानावर नवरीच कोणती ते कळेना, म्हणून सगळं पुन्हा केलं.

तेव्हा हसलो होतो. पण एकदा ठरवलं की बघणाऱ्याची नजर इथं गेली पाहिजे, की ती तिथंच जाते. बाकीची माणसं मागच्या खुर्च्यांसारखी होतात. हे सगळं माझ्या हातात असतं आणि मी ते दिवसाला चाळीस फोटोंना करते, चहा पीत.

वीज चारला आली. संगणक सुरू केला, डिस्क जोडली आणि त्या उन्हाळ्याचा फोल्डर उघडला. नमुना म्हणून एक लग्नाचा निवडला, एक मुंजीचा. तिसरा उघडला तो ओवीच्या पहिल्या वाढदिवसाचा.

ओवीचे आईबाप परभणीकडचे. बाप गणेश चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर, आई पूजा घरी. राहायला खराबवाडीत. आमच्याकडे इतक्या लांबून आले कारण गणेशच्या मित्राचं लग्न आम्ही केलं होतं. वाढदिवस चाकणातल्या एका हॉलमध्ये. पत्र्याचं छप्पर, पंखे गरम हवा फिरवत होते आणि फुगे उन्हाने आपोआप फुटत होते. प्रत्येक फुग्याला ओवी दचकायची आणि सगळे हसायचे. दारात ओवीचा एवढा मोठा फ्लेक्स, खाली शुभेच्छुकांचे वीस चेहरे. त्या दिवशी लाइट धरायला माणूस नव्हता म्हणून मीही गेले होते.

लाल जाळीचा फ्रॉक, डोक्याला पट्टा, पायात वाजणारे बूट. फोटोसाठी बघायला लावायचं म्हणून मी किल्ल्यांचा जुडगा वाजवत होते. ओवी आवाजाकडे बघायची, पण मान वळवून, एका बाजूने. चिमणी बघते तशी.

"मान सरळ धर तिची," मी पूजाला म्हटलं. "तिरकी बघतीये. फोटो वाकडे येतील."

"ती अशीच बघती काकू. लई नखरे हायत लेकराचे. आजीवर गेलीय."

"माझ्यावर कशाला?" सासू मागून म्हणाली. "लग्नाच्या हॉलात तिरकं कोण बघत होतं, आं? तुझ्यावरच गेलीय."

हशा झाला. पूजाने दोन्ही तळहातांत तिचं डोकं धरलं आणि सरळ केलं. ओवी रडली. मग आम्ही रडणं थांबायची वाट बघितली आणि फोटो काढले.

त्यातलाच हा फोटो. हॉल राखाडी, केक राखाडी, आईबाप राखाडी, मध्ये फक्त फ्रॉक लाल. काम चांगलं झालं होतं. जाळीच्या कडा किती बारीक, तरी कुठं रंग सांडला नव्हता. त्या मुलीला टप्पे दाखवता येतील म्हणून मी एकेक थर बंद करत गेले. आधी काळा-पांढरा बंद केला, हॉल रंगीत झाला. मग उजेडाचा थर. मग एक छोटासा थर होता, त्याला मी नाव दिलं होतं ‘डोळा’. तोही बंद केला.

ओवीच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं होतं. पिवळट पांढरं, आतून चकाकणारं.

मला तो थर केल्याचं आठवलं. अगदी लख्ख आठवलं. फ्लॅशमुळे डोळे लाल येतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी एक बटण असतं, दाबलं की लाल जाऊन काळं होतं. ओवीचा उजवा डोळा लाल होता. डावा नव्हता. रंगीत फोटोत केक, फुगे, टिकल्यांच्या गर्दीत ते कळलंही नसतं. पण काळं-पांढरं केलं की लाल आपोआप गडद होतो आणि पांढरं पांढरंच राहतं. तसा तो डोळा वर आला होता, अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा दिवा लागावा तसा. मला तेव्हा वैताग आला होता. बटण दाबून बघितलं, ते चालेना, कारण त्याला शोधायला लाल रंगच नव्हता. मग मी हाताने केलं. उजव्या डोळ्याची नक्कल घेतली, उलटी केली, डाव्यावर बसवली. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका एकाच बाजूला यावा म्हणून तो सरकवला. असे चौदा फोटो. नवऱ्याला बोलावून दाखवलंही होतं. "ओळखून दाखवा कुठला डोळा खोटा." त्यांना ओळखता आलं नाही.

गेल्या दिवाळीत चष्म्याचा नंबर तपासायला गेले होते. डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसवलं. समोर भिंतीवर एका लेकराचा फोटो होता, एक डोळा असाच पांढरा. खाली लिहिलं होतं की मुलाच्या फोटोत एक बाहुली अशी पांढरी दिसली तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा, आत गाठ असू शकते, जिवावर बेतू शकतं. मी ते सगळं वाचलं होतं. थेंबांनी धूसर व्हायच्या आधी शब्दन् शब्द वाचला. आणि मनात आलं होतं ते एवढंच की हा डोळा सुधारायला पाच मिनिटं लागतील.

पंखा जोरात होता. बाहेर चाळीस डिग्री असेल. तरी मी उठून पंखा बंद केला.

एखाद्या फोटोत फ्लॅशच्या कोनामुळे असं होऊ शकतं, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून मूळ फोटो उघडले. पुसलेले नाहीत, कॅमेऱ्यातून आले तसे. पहिला, दुसरा, सहावा. आईच्या कडेवर, आजीच्या मांडीवर, केकसमोर. जिथं जिथं ती समोर बघत होती तिथं तिथं डावा डोळा पांढरा. जिथं मान वळवली होती तिथं नीट. म्हणजे आम्ही तिची मान सरळ धरली म्हणून तो दिसला होता.

नवरा आतून आला. मी खुर्ची सरकवली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"फ्लॅश परत आलाय, दुसरं काय."

"एकाच डोळ्यात? इतक्या फोटोंत?"

त्यांनी पुढचा फोटो उघडला. मग म्हणाले, "तीन वर्षं झाली, अगं. काय असेल ते आतापर्यंत त्यांना कळलंच असेल. झालं असेल ते झालं असेल."

"काय झालं असेल?"

"मला काय माहीत? पण आता तिथं जाऊन काय सांगणार? आम्ही तुमच्या पोरीचा डोळा रंगवला? चाकणची पोरं आहेत, उद्या दहाजण येऊन काचा फोडतील. सीझन आहे तोंडावर."

ते घाबरले होते. मीही घाबरले होते, पण काचांना नाही. गाठ, एक वर्षाचं लेकरू, तीन वर्षं. हे तीन तुकडे मी मनात शेजारी शेजारी ठेवत होते आणि पुढचं वाक्य करत नव्हते.

एक गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही. अल्बम न्यायला पूजा एकटीच आली होती. ओवी झोपलेली, खांद्यावर. पानं उलटून बघितली, हरखली, मग काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाली, "काकू, एक विचारू? माझ्या मोबाईलात हिचा हा डोळा मांजरीवानी चमकतो. तुमच्या फोटोत तर नीट आलाय. असं कामून होतं?"

मी काय म्हणाले ते मला शब्दाला शब्द आठवतं. "मोबाईलचा कॅमेरा तो. त्याला काय कळतंय? मोठ्या कॅमेऱ्यात खरं येतं."

तिचा चेहरा उजळला. "मी उगाच भ्याले," ती म्हणाली.

मला कळत होतं का? मी चार दिवसांपूर्वीच तो डोळा बसवला होता. विसरले नव्हते. पण फोटो सुधारला हे गिऱ्हाईकाला सांगायचं नसतं, आमच्या धंद्यात ती रीत आहे. कुणाचा मुरूम काढला, कुणाचं पोट आत घेतलं, बोलायचं नाही. त्यांना वाटायला हवं की ते असेच दिसतात. तिने विचारलं आणि माझ्या तोंडून धंदा बोलला. आईने विचारलं होतं, हे मला आत्ता तीन वर्षांनी ऐकू येतंय.

पूजाचा नंबर लावला. हा क्रमांक वापरात नाही. गणेशचाही तसाच. आमच्या भागात माणसं कंपनी बदलली की खोली बदलतात, खोली बदलली की सिम. मग मी डिस्क बंद केली आणि भाजी चिरायला बसले. हात आपोआप चालतात, डोकं चालतच राहतं. पंचवीस वर्षांत मी किती डोळे स्वच्छ केले? एका आजोबांचे डोळे पिवळे होते, नातीच्या लग्नात. मला वाटलं हॉलच्या दिव्यांचा रंग, म्हणून पांढरे केले. एका नवरीच्या मानेवर सूज होती, ती मी आत ढकलली. एका वरमाईचे ओठ निळे होते. त्यांना गुलाबी करायला मला एक क्षण लागला नव्हता. त्या सगळ्यांनी माझे फोटो घरी नेले आणि स्वतःला बघून म्हटलं असेल, छान आहोत की आपण.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. मी काही मागितलं नाही. मागायचं म्हणजे ते वाक्य पूर्ण करावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी स्कूटर काढली. मूळ फोटो पेन ड्राइव्हवर घेतले होते, चार कागदावर छापलेही होते. नवरा म्हणाला, "मी येऊ?" मी म्हटलं, "नको, दुकान उघडा." ते आले असते तर मी त्यांना बोलू दिलं असतं, आणि त्यांनी फ्लॅशचं सांगितलं असतं.

मोशीच्या पुढे कंटेनरांची रांग, इंद्रायणीच्या पुलाखाली पाणी कमी आणि फेस जास्त. कंपनीच्या बसेस पहिल्या पाळीची माणसं सोडून परत येत होत्या, रिकाम्या. चाकणला तळेगाव चौकात वीस मिनिटं अडकले आणि त्या वीस मिनिटांत चार वेळा वाटलं की वळवावी. पुढे सरकायलाही जागा नव्हती आणि मागे वळायलाही. म्हणून गेले, असंही म्हणता येईल.

खराबवाडीत जुन्या खोलीत बिहारची तीन मुलं राहत होती. शेजारच्या किराणा दुकानातल्या बाईला विचारलं, "इथं पूजा राहायची, परभणीची. एक लहान मुलगी होती, ओवी."

‘होती’ म्हणाले आणि जीभ चावली.

"डोळ्याची ना?" बाई म्हणाली. "पलीकडच्या गल्लीत गेले ते. पिवळी बिल्डिंग, वरचा मजला."

डोळ्याची. म्हणजे आहे. मी दुकानाच्या फळीला धरून उभी राहिले. बाईने पाणी दिलं.

दार पूजानेच उघडलं. वाळली होती. ओळखायला क्षण लागला, मग म्हणाली, "काकू? तुमी? इकडं कसं काय? या की आत."

आत फरशीवर ओवी पोहे खात होती. चार वर्षांची, दोन शेंड्या, जाड फ्रेमचा चष्मा. माझ्याकडे वर बघितलं. उजवा डोळा माझ्यावर आला. डावा जिथं होता तिथंच राहिला, छान काळा, चकचकीत.

"गाठ निघाली," पूजा म्हणाली. मी विचारलंही नव्हतं. लोक विचारतात म्हणून तिला सवय झाली असावी. "दोन वर्षं झाली काढून. काचेचा बसवलाय. औषधं दिली, केस गेले होते सगळे, आता आलेत. दर तीन महिन्याला दाखवाया जावं लागतं. दुसऱ्यात न्हाई आली अजून." मग जरा थांबून, "डॉक्टर म्हणले, सहा-सात महिने आधी आणली असती तर डोळा राहिला असता. आता सगळे मलाच बोलतात. आई असून तुला दिसलं न्हाई का म्हणतात. मला दिसलं होतं हो काकू. मोबाईलात दिसायचं. पण आमचे हे अल्बम काढून दाखवायचे. म्हणायचे, मोठ्या कॅमेऱ्यात हाय का बघ, उगं लेकराला नाव ठेवती."

मी उभीच होते. पिशवीतून कागद काढले आणि तिच्या हातात दिले. म्हटलं, "पूजा, अल्बममधला डोळा खरा नाही. कॅमेऱ्यात हा असा आला होता. मी तो बदलला. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं."

तिने चारही कागद बघितले. एकेक, सावकाश. ओवी म्हणाली, "मम्मी, मला पण दाव." तिने दाखवले नाहीत. कागद पालथे करून मांडीवर ठेवले. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिचा चेहरा मला वाचता आला नाही.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती शेवटी म्हणाली. "मला माहीतच होतं." आणि आतल्या खोलीच्या बंद दाराकडे तिने बोट केलं. "ते तिसरी पाळी करून आलेत. झोपलेत. सासूबाई पण हाय आत. त्यांच्यासमोर बोलता का? हेच, असंच?"

दाराशी माझी चप्पल होती, दार उघडं होतं, जिना दिसत होता.

"उठव त्यांना," मी म्हटलं.

ती उठली, दार वाजवलं. आतून गणेशचा झोपेतला आवाज आला, "काय झालं गं?" मग तो बाहेर आला, बनियन सरळ करत, डोळे चोळत, आणि मागून त्याची आई. मला बघून त्याने हात जोडले. "काकू, बसा ना. उभ्या का?"

मी बसले नाही. पूजाच्या मांडीवरून सरकून खाली पडलेले कागद उचलले, सुलटे केले, त्याच्यासमोर धरले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.